लाइन आली, लाइन गेली

इंग्रजीत एकेका शब्दाला किती अर्थ असतात, याचं इंग्रजांना भारी कौतुक. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या टीचभर शब्दाची होती. चारशेच्या वर अर्थ. पुढे 'रन'नं त्याला मागं टाकलं, त्याचे सहाशेच्या वर भरले. हे अर्थ मोजायला त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. आमच्या कोळवणात भातलावणीलाच माणसं मिळत नाहीत, अर्थ मोजायला कुठून मिळणार? नाहीतर आमच्या 'लाइन'नं या दोघांनाही बांधावर बसवलं असतं.

पौडवरून आत वळलं की दोन्ही अंगांना डोंगर आणि मध्ये भाताची खाचरं असं हे कोळवणचं खोरं लागतं. पुढे हाडशी, डोंगरापलीकडे तिकोना आणि पवनेचं पाणी. पाऊस मुळशीचा, म्हणजे चर्चा न करता पडणारा. या खोऱ्यात कोणत्याही पारावर दहा मिनिटं बसा, एक तरी असं वाक्य कानावर पडेल: "अरे, लाइन गेल्यामुळं ऑनलाइन बंद पडलं, म्हणून लाइन वाढली. त्या लाइनीत तुझं पोरगं लाइन मारत उभंय, त्याला जरा लाइनीवर आण." ऐकणाऱ्या बापाला सगळं कळतं. तो उठतो आणि चपला शोधतो. 'कोणती लाइन?' असं तो एकदाही विचारत नाही.

पहिला मान विजेचा. तिथंही एक भेद आहे. घरातली ती 'लाइट', शेतातली ती 'लाइन'. टीव्ही बंद पडला तर लाइट गेली, मोटर बंद पडली तर लाइन गेली. लाइट सिंगल फेजची, घरंदाज. लाइन थ्री फेजची. ती पाळीनं येते, आणि पाळी बहुधा रात्रीची असते. त्यामुळं रात्री अडीचला गावात बॅटरीचा उजेड हलताना दिसला तर चोर आला असं कुणी समजत नाही. लाइन आली असं समजतात. एखादा खरा चोर यात निभावून जात असेल, पण त्यालाही कुणीतरी बांधावरून विचारणारच, "काय भाऊ, लाइन आली का?"

जूनच्या पहिल्या वाऱ्यात लाइन जाते. कुठं फांदी पडते, कुठं जम्प तुटतो, कुठं डीपी उडते. मग गाव वायरमनला फोन लावतं. फोन उचलणारं माणूस सांगतं, "ते लाइनवर आहेत." याचे तीन अर्थ निघतात. एक, ते खांबावर चढलेत. दोन, ते दुसऱ्या फोनवर बोलतायत. तीन, त्यांनी सगळी व्यसनं सोडलीत. गाव तिसरा अर्थ सोडून देतं आणि पहिल्या दोहोंवर पैजा लावतं. अर्ध्या तासानं पुन्हा फोन गेला की उत्तर येतं, "लाइन चेक करतोय." हे वाक्य सत्य असतंच, कारण खांबावरचा माणूस लाइन चेक करतो आणि खाली टपरीवर बसलेला माणूसही, फक्त तो फोनची करतो.

बाहेरून आलेल्या पाहुण्याची मात्र पंचाईत होते. कोळवणला चिन्मय विभूती आहे, पुढे हाडशीचं देऊळ आहे, त्यामुळं शनिवार-रविवार देशोदेशीची माणसं या रस्त्यानं जातात. असा एखादा पाहुणा झेरॉक्सच्या दुकानात शिरतो. दुकानदार त्याला समजेल अशा भाषेत सांगतो, "नो लाइन." पाहुणा मागं वळून बघतो. खरंच, त्याच्या मागं-पुढं कुणी नाही. इतक्या साध्या दुकानात इतकी शिस्त बघून तो खूश होतो आणि निवांत उभा राहतो. दुकानदारही त्याच्याकडं बघत उभा राहतो. दोघंही एकाच शब्दाची वाट बघत असतात, अर्थ तेवढे वेगळे.

जमिनीच्या व्यवहारात या शब्दाची खरी किंमत कळते. तीही गुंठ्याच्या दरानं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे मुळशीतल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. एजंट सांगतो, "प्लॉटपर्यंत लाइन आलीये." भाव चढतो. तोच एजंट दुसऱ्या प्लॉटवर जरा खालच्या आवाजात सांगतो, "प्लॉटवरून लाइन गेलीये." भाव उतरतो, कारण ही हाय टेन्शनची, हिच्याखाली घर बांधता येत नाही. आली तर लाख, गेली तर खाक. शहरातलं गिऱ्हाईक चतुर असेल तर विचारतं, "पण लाइन वारंवार जात नाही ना?" एजंट शपथेवर सांगतो, "साहेब, जी एकदा गेलीये ती तशीच राहणार. हलायची नाही."

मग घर बांधायला निघालं की चुन्याची फक्की टाकून इंजिनिअर 'लाइन आउट' देतो. एखाद्याच्या घरात सिनेमात 'लाइन' बोलणारं पोर असेल, तर फक्की बघून त्याला वाटतं इथं शूटिंग आहे. गैरसमज अगदीच हवेतला नाही. २०१८ साली प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न'नं जमीन विकून 'भलत्या लाइनीला' लागलेल्या पोरांची गोष्ट महाराष्ट्राला दाखवली. तालुक्याच्या नावापुढं इंग्रजी शब्द लागला तो तेव्हा. गावातली जाणती माणसं म्हणतात, पॅटर्न वगैरे ठीक आहे, मूळ दुखणं लाइनीचं.

या 'लाइनीला लागणं' प्रकारात फार सांभाळून बोलावं लागतं. "पोरगं लाइनीला लागलं" म्हणजे पेढे वाटा. "पोरगं भलत्या लाइनीला लागलं" म्हणजे वकील बघा. मध्ये एका शब्दाचं अंतर आहे, आणि फोनवर रेंज नसली की नेमका तोच शब्द गळतो. डोंगराआडच्या वाडीत राहणाऱ्या मावशीला अर्धंच वाक्य ऐकू येतं, ती पेढे घेऊन निघते.

सोयरीक जुळवताना तर हा शब्द बॉम्बसारखा हाताळावा लागतो. मुलीकडचे आजोबा जुन्या वळणाचे. ते सरळ विचारतात, "मुलाची लाइन कोणती?" म्हणजे सिव्हिल, आयटी, हॉटेल की शेती. मुलाकडची काकू दचकते आणि म्हणते, "छे छे, अगदी सरळ मुलगा आहे हो आमचा. मान वर करून बघत नाही." आजोबा चिंतेत पडतात. मान वर करून न बघणारा मुलगा वायरमनच्या लाइनीला तर जाऊ शकणार नाही. पुढं सगळं जमलं की मुलीचे मामा फोन करतात, "लाइन क्लिअर आहे, या." हे रेल्वेचं बोलणं. पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही रेल्वेची शिस्त. कोळवणला रुळांची लाइन नाही, पण सोयरिकीची गाडी आमच्याकडे त्याच शिस्तीनं सुटते. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, माण-हिंजवडीपासून शिवाजीनगरपर्यंत, २३ किलोमीटरची मेट्रो आखली तिचं नावही 'लाइन तीन'. हे ऐकून आमच्या एका आजींनी विचारलं, "पहिल्या दोन कुणाच्या लागल्या?"

शाळेत या शब्दानं मास्तरांची अब्रू रोज पणाला लागते. पहिलीतल्या पोराला मास्तर म्हणतात, "लाइनीत उभा राहा." तोपर्यंत ठीक. पाचवीतल्याला म्हणतात, "वहीत लाइन मारून आण." म्हणजे समासाची. तोही आणतो. पण नववीच्या वर्गात मास्तर म्हणाले, "आज कुणी कुणी लाइन मारली नाही, हात वर करा," की मागच्या बाकावरून खिदळणं सुरू होतं. कुणीच हात वर करत नाही. मास्तरांना वाटतं वर्ग आज्ञाधारक आहे.

'लाइन मारणं' म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण तिचं जोडकाम 'लाइन देणं', त्यात गंमत आहे. वीज कंपनीही लाइन देते आणि मुलगीही लाइन देते. कंपनीच्या लाइनीला आधी अर्ज, मग डिपॉझिट, मग कोटेशन, मग वाट बघणं. दुसऱ्या लाइनीलाही क्रम तोच, फक्त पावती मिळत नाही. आणि बिल थकलं की दोन्हीकडे लाइन तोडतात.

ऑनलाइन आलं तेव्हा लोकांना वाटलं आता लाइन संपली. सातबारा ऑनलाइन, रेशनचा अंगठा ऑनलाइन, २०२१च्या १५ ऑगस्टपासून पिकाची पाहणीसुद्धा मोबाइलवर. लाइन संपली नाही, तिला फक्त उपसर्ग लागला. पूर्वी कागदासाठी लाइन लागायची, आता ऑनलाइन करून घेण्यासाठी लागते. खिडकीवर गेलात की सांगतात, "आधी ऑनलाइन करून आणा." ऑनलाइन करायच्या दुकानात गेलात की लाइन. नंबर आला की लाइन जाते. लाइन आली की सर्व्हर जातो. शेवटी साहेब सांगतात, "फोनवर बोला," आणि फोनवरची बाई गोड आवाजात म्हणते, "आमच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत, कृपया लाइनवर राहा." दिवसभरात कुणी आपुलकीनं 'राहा' म्हणालेलं ते एकच. लोक राहतातही.

पंगतीत वाढपी ओरडतो, "ए, तिसऱ्या लाइनला भात!" इथं लाइन म्हणजे पोटात कावळे ओरडणारी पन्नास माणसं. "ही लाइन राहिली," असं कुणी म्हणालं की वाढप्याच्या पायांत वीज येते. खांबावरच्या लाइनीत ती तितक्या लवकर येत नाही.

कबड्डीत लाइन हा जीवनमरणाचा प्रश्न. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा. समोर निदान सहा गडी असतील तर चढाई करणाऱ्यानं बोनस रेषा ओलांडून मागचा पाय हवेत ठेवायचा, म्हणजे एक गुण. नियमाच्या पुस्तकात 'रेषा' असं शुद्ध लिहिलंय. मैदानावर मात्र पंचापासून पानवाल्यापर्यंत सगळे एकच बोंब मारतात, "लाइन! लाइन!" त्याच वेळी मैदानावरचे हॅलोजन बंद पडले, तर पंच गुण देतात की नाही, यावर गावात दोन तट पडलेले आहेत.

या शब्दाचं कूळ शोधलं तर ते शेतातच सापडतं. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या वाखापासून सूत काढायचे, त्या सुताची दोरी ती 'लिनिआ', आणि त्या दोरीचीच पुढे 'लाइन' झाली. म्हणजे मूळ अर्थ दोरी. आता बघा, आमचा गवंडी भिंत सरळ यावी म्हणून काय लावतो? 'लाइनदोरी'. म्हणजे दोरीदोरी. पोर्तुगीजांचा 'पाव' आणि आपली 'रोटी' मिळून जशी 'पावरोटी', म्हणजे रोटीरोटी झाली, तसाच हा डबल पाया. भिंत पडली तरी शब्द पडणार नाही.

शिंपीदादा ब्लाउजला 'लाइनिंग' लावतात, तेही या जवसाचंच गोत. लिनन म्हणजे जवसाचं कापड, ते आतून लावायचं म्हणून लाइनिंग. लॅटिनच्या मुळाशी सगळ्यांत जवळचा माणूस कुठल्या विद्यापीठात बसलेला नाही. तो बाजारपेठेत शिलाई मशिनवर बसलाय आणि सणाच्या आदल्या दिवशी "लाइन नव्हती, म्हणून लाइनिंग राहिलं" असं सांगतोय.

आणि भात? मुळशीचा आंबेमोहोर २०१६ साली भौगोलिक मानांकनाला पात्र ठरला, त्यानंतर त्याला जरा ताठ्यानं वागवावं लागतं. चारसूत्री पद्धतीनं लावणी करायची तर खुणा केलेली दोरी धरायची. १५ सेंटिमीटर, मग २५, पुन्हा १५, असे चुड लावत जायचे आणि चार चुडांच्या मध्ये खताची एक गोळी खुपसायची. याला गावात म्हणतात 'लाइनीत लावणी'. इथं दोरी, रांग आणि रेघ असे तिन्ही अर्थ चिखलात एकाच वेळी उभे असतात. जुन्या बायका मात्र दोरीकडं बघतसुद्धा नाहीत. त्या म्हणतात, "आमची नजरच लाइनीत हाय." कृषी सहायक मोजपट्टी लावून बघतो, पट्टी खिशात घालतो आणि चहाला जातो.

मुळशीत विजेची लाइन आली कधी, यालाही इतिहास आहे आणि तो तितकासा विनोदी नाही. मुळा-निळा संगमाजवळ टाटांचं धरण होणार म्हणून १९२१च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे पुढं होते आणि पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. १९२४पर्यंत लढा चालला. धरण झालंच. मुळशीचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला गेलं, तिथं त्याची वीज झाली आणि वीज मुंबईला गेली. म्हणजे आमच्या तालुक्यात लाइन यायच्या आधी गेली होती. येण्याआधी जाण्याचा हा मान जगात फार थोड्या वस्तूंना मिळाला असेल. आज ती अधूनमधून जाते तेव्हा जुनी माणसं चिडत नाहीत. वाट तिच्या ओळखीची आहे, असं म्हणतात.

भाषाशुद्धीवाल्यांनी या शब्दाकडं डोळे वटारून बघितलं असेलच. सावरकरांनी 'मेयर'ला 'महापौर' दिला, 'डेट'ला 'दिनांक' दिला. लाइनीला काय देणार? मराठीत शब्द कमी नाहीत. अक्षरांची ओळ, माणसांची रांग, वहीतली रेघ, भूमितीतली रेषा, जेवणाऱ्यांची पंगत, गवंड्याची दोरी, विजेची तार, पोटापाण्याचा धंदा. एकेका कामाला एकेक नेमलेला शब्द होता. मग वडापच्या जीपसारखी ही लाइन आली, एका फेरीत सगळ्यांना कोंबून घेऊन गेली, आणि दोघं टपावरही बसले.

पण घोटाळा होत नाही, हे विसरून चालणार नाही. आणि तो होत नाही याचं श्रेय इंग्रजीला नाही. लाइन येते-जाते ती विजेची. टाकतात ती पाण्याची. लागते ती माणसांची. मोडतात तीही माणसांची, आणि मोडणारा नेहमी कुणाचा तरी भाचा असतो. मारतात ती एक वहीत आणि एक एसटी स्टँडवर. देतात, तोडतात, धरतात, सोडतात. आणि माणूस स्वतःच लाइनीला लागला किंवा लाइनीवर आला, तर ती चालचलणुकीची. नाम बापडं इंग्लंडहून आलं, पण त्याला कामाला लावलं ते मराठी क्रियापदांनी. आम्ही तिला स्त्रीलिंग दिलं, 'लाइनी' असं अनेकवचन दिलं, 'लाइनीत, लाइनीला, लाइनीवर' अशा विभक्त्या लावल्या. ऑक्सफर्डचा माणूस कोळवणला आला तर आपला शब्द त्याला ओळखू येणार नाही. ओळखू आला तरी त्याचा ताबा मागता येणार नाही, कारण सातबारावर आता नाव आमचं आहे.

तेव्हा मराठी कोशकारांना एक विनंती. 'लाइन' या शब्दापुढं 'इंग्रजी, पाहा: रांग' एवढंच लिहून पान उलटू नका. नाम एका ओळीत लिहा आणि पुढची दोन पानं क्रियापदांना ठेवा. अर्थ गोळा करायला कोळवणला अवश्य या, गाव एका बैठकीत पंचवीस सांगेल. फक्त लॅपटॉप घरून चार्ज करून आणा आणि पावसाळ्यात येणार असाल तर वही-पेन्सिलच आणा.